भरतीची वेळ आणि घाटाचा मुक्काम : बोटीने महाबळेश्वरी जाण्याची विसरलेली वाट

१/ महाबळेश्वरला जायचे म्हटले की आपण सातारा-सांगलीकडची माणसे दोनच वाटा सांगतो. एक वाईहून पसरणीच्या घाटाची, दुसरी साताऱ्याहून मेढा-केळघरची. मात्र १९ व्या शतकात मुंबईहून या डोंगरावर येणाऱ्या अनेक पाहुण्यांचा प्रवास समुद्रातून सुरू होई. आजचा थ्रेड त्या वाटेविषयी, आणि त्याहून अधिक, त्या वाटेवरचे थांबे कोणी घडवले याविषयी.

२/ अलास्काच्या जहाज-सहली आज जगभर प्रसिद्ध आहेत. जहाज जुनो किंवा स्कॅगवेसारख्या बंदराला लागते, प्रवासी काही तास उतरतात, हिमनदी किंवा डोंगरखिंड पाहून परततात. अशी सहल आखणाऱ्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात : कुठे उतरायचे, हवामान किती वेळ देईल, आणि किनाऱ्यापासून पुढे आपल्याला कोण नेणार? बाणकोटच्या खाडीत शिरणाऱ्या प्रवाशापुढेही हेच तीन प्रश्न होते. फरक एवढाच की त्याच्या हाती छापील वेळापत्रक नव्हते, पंचांग होते.

३/ आधी पार्श्वभूमी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर स्थिरावले. १८२४ मध्ये साताऱ्यातील कंपनीच्या फौजेचा अधिकारी पीटर लॉडविक महाबळेश्वराच्या पठारावर चढला. डोंगर अर्थातच त्याने 'शोधला' नाही. क्षेत्र महाबळेश्वर, कृष्णेचा उगम, प्रतापगड, जावळी ही सारी शतकानुशतके नांदती ठिकाणे होती. त्याने शोधली ती फक्त गोऱ्या माणसाला मानवणारी थंड हवा.

४/ १८२७ मध्ये सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने आजारी युरोपियनांसाठी येथे आरोग्यस्थान वसवण्याचे ठरवले. डोंगर साताऱ्याच्या राज्यात होता. १८२९ च्या करारान्वये महाराजांनी तो कंपनीला दिला आणि मोबदल्यात वाईकडचे खंडाळा गाव घेतले. नव्या पेठेचे नाव पडले माल्कमपेठ.

५/ आता मुंबईहून येथवर यायचे कसे? भोर घाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. पण पुण्याच्या वाटेलाही पनवेलपर्यंत होडीच धरावी लागे आणि पुढे मोठा वळसा पडे. कोकणातून खुष्कीने यावे तर वाटेत एकामागून एक खाड्या आडव्या. म्हणून तिसरी वाट : मुंबईहून मचव्याने किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेस बाणकोट, तेथून सावित्रीच्या खाडीने आत दासगाव व महाड, आणि मग डोंगर.

६/ पहिला थांबा बाणकोट. येथील किल्ला आंग्र्यांकडून १७५५ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या बदल्यात तो मराठ्यांकडून स्वतःकडे कायम करून घेतला. किल्ल्याचे हिम्मतगड हे नाव मागे पडले आणि इंग्रजी कागदांत 'फोर्ट व्हिक्टोरिया' आले. (ही व्हिक्टोरिया राणी नव्हे, तिचा जन्म १८१९ चा.) कोकणच्या मुख्य भूमीवर इंग्रजांचे हे फार जुने ठाणे, म्हणून उतरायला ओळखीची जागा.

७/ पण बाणकोटला थांबण्याचे खरे कारण किल्ला नव्हे, पाणी. खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा. ओहोटीत मचवा आत घालणे धोक्याचे, म्हणून भरतीची वाट पाहणे भाग. पुढे महाडपर्यंतची वाटचालही भरतीच्याच पाण्यावर. कोकणातल्या तांडेलांचा हिशेब सोपा होता : तिथीची पाऊणपट करावी, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-साडेअकराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येचे ते उधाण, अष्टमीच्या आसपासचा तो भांग.

८/ याचा अर्थ असा, की गव्हर्नरच्या पाहुण्याचा मुक्काम किती तासांचा, हे गव्हर्नर ठरवत नसे. ते चंद्र ठरवत असे आणि तांडेल सांगत असे. जहाजाच्या प्रवासात किनाऱ्यावरचा थांबा ही चैन आहे असे आपल्याला वाटते. मुळात तो नाइलाज होता. चैनीचे रूप त्याला पुढे आले.

९/ दुसरा थांबा दासगाव-महाड. महाड हे घाटावर जाणाऱ्या मालाचे जुने बंदर. येथे वाहन बदले : पाण्याची वाट संपे, माणसांच्या खांद्यांची सुरू होई. पालखी, मेणा किंवा डोली. सामानासाठी हमाल आणि बैल. जवळच रायगड. १८१८ च्या तोफमाऱ्यात उद्ध्वस्त झालेली शिवछत्रपतींची राजधानी दशकभरातच थंड हवेकडे निघालेल्या पाहुण्यांच्या वाटेशेजारी येऊन पडली. इतिहासाच्या विद्यार्थिनीला या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते.

१०/ तिसरा टप्पा घाटाचा. महाडहून पोलादपूर, तेथून पार घाटाची चढण, मग प्रतापगडाच्या पायथ्याचे पार गाव. येथे रामवरदायिनीचे देऊळ आहे, कोयनेवर शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आहे. पारहून माथ्यावर नेणारी शेवटची चढण म्हणजे रडतोंडीचा घाट. चढणाऱ्याचे तोंड रडवेले होते म्हणून रडतोंडी! १६५९ मध्ये अफझलखानाचे सैन्य याच वाटेने जावळीत उतरले असे मानतात.

११/ इंग्रजी पुस्तकांत या रडतोंडीचा 'रोटुंडा घाट' झाला. रोटुंडा म्हणजे घुमटाची गोल इमारत. ज्या नावात भोयांचा आणि हमालांचा घाम होता, त्या नावाचे परक्या उच्चारात एक डौलदार वास्तुशिल्प झाले. हा बदल कोणी मुद्दाम केला नसावा. तरीही वाट कोणाच्या खांद्यावर चढली जात होती, हे त्या नावातून पुसले गेले.

१२/ आता वेळापत्रकाचे दुसरे टोक : पावसाळा. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. म्हणून हंगाम साधारण ऑक्टोबर ते जूनचा आरंभ, आणि बहर एप्रिल-मे. पण मेअखेरीस समुद्र खवळतो, मचवे किनाऱ्यावर ओढले जातात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. डोंगर रिकामा होण्याआधीच समुद्राचे दार लागे. बोटीने परतायचे तर लवकर निघावे. उशीर झाला तर घाटमाथ्याने पुणे गाठावे. आलेल्या वाटेनेच परत जाता येईल याची खात्री नव्हती.

१३/ आता या थ्रेडमधील सर्वांत दुःखद भाग. आर्थर मॅलेट हा मुंबई सरकारचा वरिष्ठ मुलकी अधिकारी. पेशव्यांच्या दरबारात वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटचा मुलगा, आणि माथेरान इंग्रजांच्या नकाशावर आणणाऱ्या ह्यू मॅलेटचा भाऊ. डिसेंबर १८५३ मध्ये त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी सावित्रीच्या मुखाशी बोट उलटून बुडाल्या. बाणकोटला त्यांचे स्मारक आहे.

१४/ महाबळेश्वरचा 'आर्थर सीट' पॉइंट या मॅलेटच्याच नावाचा. गाइड सांगतात, तो येथे बसून सावित्रीकडे पाहत राही. नावाचा साधा खुलासा असा आहे की येथे पहिले घर त्याने बांधले. पॉइंटखाली दिसते ते सावित्रीचे उगमाकडचे खोरे. बाणकोट सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर पश्चिमेला. म्हणजे माणसे बुडाली ती नदीच्या एका टोकाला, आणि कथा सांगितली जाते ती दुसऱ्या टोकाला. ही दोन टोके बोटीच्या वाटेने जोडलेली होती, हे आपण विसरलो. म्हणून पॉइंटवरची ती कथा आज अधांतरी वाटते.

१५/ आणि एक गोष्ट. त्या बोटीवरचे खलाशीही बुडाले. त्यांच्या नावाचा पॉइंट नाही.

१६/ हाच मूळ प्रश्न. महाबळेश्वरच्या नकाशावर लॉडविक आहे, आर्थर आहे, माल्कम आहे. 'बॉम्बे पॉइंट'ला नाव मिळाले ते तेथून जुनी मुंबईची वाट जात असे म्हणून. जन्मठेपेच्या चिनी कैद्यांनी येथे भाजीपाल्याची लागवड केली. त्यांचा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला. त्यांची आठवण 'चायनामन' धबधब्यात उरली, तीही व्यक्तीच्या नावाविना.

१७/ आणि प्रतापसिंह महाराज? साताऱ्याहून महाबळेश्वरपर्यंतचा चांगला रस्ता त्यांनी बांधवून घेतला होता. साताऱ्यात पाणी, पाठशाळा, छापखाना आणणारा हा राजा. १८३६ मध्ये त्यांच्यावरील कटाच्या आरोपाची चौकशी करणाऱ्या समितीत तोच लॉडविक होता, आता साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले गेले. १८४७ मध्ये ते तेथेच वारले. पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले.

१८/ महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते समुद्र ओलांडून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. दाद मिळाली नाही. साताऱ्याच्या डोंगरावर हवा खायला पाहुणे बोटीने येत होते, त्याच काळात साताऱ्याचा माणूस न्याय मागायला बोटीने जात होता. ते ज्या वर्षी हात हलवीत परतले, त्याच वर्षाच्या अखेरीस बाणकोटची ती बोट उलटली. या दोन घटनांत कार्यकारण नाही. पण समुद्राच्या या इतिहासात आपण दोन्ही प्रवास एकत्र वाचायला हवेत.

१९/ ही वाट संपली कशी? १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली. वाफेच्या बोटी दासगावपर्यंत येऊ लागल्या, १८७० च्या दशकात पोलादपूरहून आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता झाला (त्यालाही गव्हर्नर फिट्झजेराल्डचे नाव), तेव्हा बोटीच्या वाटेला थोडी उभारी आली. पण १८८० च्या दशकात पुणे-मिरज रेल्वे आली आणि वाठार स्टेशनावर उतरून वाई-पाचगणीमार्गे येणे सोयीचे झाले. भरतीची जागा गाडीच्या शिट्टीने घेतली.

२०/ अलास्कात स्कॅगवेहून प्रवाशांना डोंगरात नेणारी रेल्वे सोन्याच्या शोधातल्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधली गेली. त्याआधी शेजारच्या चिल्कूट खिंडीतून त्लिंगित लोकांची व्यापारी वाट होतीच. पार घाटही पाहुण्यांआधी लमाण-व्यापाऱ्यांचा आणि देवीच्या भक्तांचा होता. निसर्ग पाहायला नेणारी वाट बहुधा दुसऱ्या कोणाच्या पोटापाण्याची वाट असते.

२१/ मी सांगलीची. आमच्या घाटावर पाणी भरायला येते ती कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री यांचे उगम एकत्र पूजले जातात. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेला आपल्याकडे वळतात. सावित्री पश्चिमेला समुद्राकडे जाते. आपण पूर्वेकडच्या बहिणींच्या काठाने वर चढतो. बोटीचे प्रवासी सावित्रीच्या काठाने येत.

२२/ पुढच्या वेळी आर्थर सीटवर उभे राहिलात तर फोटो काढून झाल्यावर क्षणभर पश्चिमेला पाहा. खाली सावित्रीचे खोरे आहे, त्यापलीकडे महाड, दासगाव आणि शेवटी बाणकोट. भरतीची वाट पाहणारा तांडेल त्या टोकाला उभा होता. या टोकाला पोहोचवणारे भोई मधल्या वाटेवर होते. पॉइंटच्या पाटीवर ते नाहीत, म्हणून हा थ्रेड.

२३/ महाड, दासगाव, बाणकोटकडच्या वाचकांना विनंती : घरात आजोबा-पणजोबांच्या मचव्यांच्या, दासगावच्या बोटींच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. सरकारी कागद साहेबांची नावे जपतात. बाकीची आपल्यालाच जपावी लागतात. (समाप्त)