आधी निवारा, मग पाडापाडी

वस्ती सुधारणे म्हणजे जुनी घरे पाडून नवी बांधणे, अशी आपली समजूत असते. परंतु घरे सुधारली म्हणजे माणसांचे जिणे सुधारतेच असे नाही. मुंबईचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

१८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला. कोंदट, अंधाऱ्या चाळी हेच त्याचे माहेरघर, असे सरकारचे मत झाले आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढण्यात आले. समुद्राचा वारा शहरात खेळावा, हा हेतू चांगलाच होता. पण ज्यांची बिऱ्हाडे मोडली ती माणसे गेली कोठे? बहुतेक जण पोटापाण्याच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या गल्लीत शिरले, आणि तेथील दाटी दुणावली! दादर-माटुंग्याच्या नव्या आखणीत मध्यमवर्गाला हवेशीर घरे मिळाली. गिरणीत पायी जाणाऱ्या कामगाराला तिचा उपयोग थोडाच.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट खाते निघाले. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सुमारे सोळा हजार बांधून झाल्या. त्यांतल्याही अनेक कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या. एकीकडे शहरात पाय ठेवायला जागा नाही, आणि दुसरीकडे सरकारी खोल्यांना कुलपे! कारण उघड आहे. भाडे किती झेपेल, काम किती दूर आहे, हे भाडेकऱ्याला कोणी विचारलेच नव्हते.

याच काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश पंडित हिंदुस्थानातील शहरे पायी हिंडून पाहत होते. १९१८ साली इंदूरसाठी केलेल्या अहवालात त्यांनी वेगळा मार्ग सांगितला. सरसकट पाडापाडी करू नये. मोडकळीस आलेली तेवढीच घरे काढावीत, मोकळ्या जागेत झाड लावावे, विहीर राखावी, आणि शेजार तुटू देऊ नये. निष्णात वैद्य सडलेला भाग तेवढाच कापतो, तशी ही रीत. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक झाले. परंतु मोठ्या योजनांनी त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही.

पुढे १९६९ साली मोडक्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमण्यात आले. तेव्हाही तात्पुरत्या म्हणून दिलेल्या संक्रमण शिबिरांत कित्येक कुटुंबांची दशकेच्या दशके गेली. जुनीच चूक नव्या नावाने पुन्हा घडली.

म्हणून आम्हांस असे वाटते की, वस्तीच्या उद्धाराची कोणतीही योजना पुढे आली की नागरिकांनी तीन प्रश्न विचारावेत: येथली माणसे उद्या कोठे राहतील? तेथले भाडे त्यांना झेपेल काय? आणि शेजारी शेजारी राहतील काय? यांची उत्तरे लेखी मिळेपर्यंत पहिली कुदळ पडू नये.