विद्युत तापचटई
विद्युत तापचटई : थंडीत अंथरुणावर किंवा जमिनीवर पसरून विजेने तापवायची चटई. वीजप्रवाहाला तारेत होणाऱ्या रोधातून उष्णता निर्माण होते, हा जूल यांनी १८४१ मध्ये मांडलेला नियम तिचा आधार (पहा : जूल नियम). जमिनीखालून चुलीचा धूर खेळवून घर उबदार ठेवण्याची परंपरा असलेल्या कोरियात (पहा : ओंडोल) ती विशेष रुळली. दोन थरांमध्ये नागमोडी बसवलेली तार आणि कडेला तापमान-नियंत्रक, एवढीच रचना. खोलीची हवा तापवणाऱ्या हीटरला १,००० ते २,००० वॅट लागतात. एकट्याच्या चटईला शे-दोनशे वॅट पुरतात, कारण ऊब थेट अंगाला मिळते. मात्र सुमारे ४४° से. तापमान सोसवत असले, तरी तासन्‌तास टेकलेली त्वचा त्याने भाजते. संवेदना मंदावलेल्या मधुमेहींना हा धोका मोठा (पहा : भाजणे). घडी घातलेली चटई चालू ठेवल्यास उष्णता कोंडून आग लागू शकते.