नोकरी सांभाळून सिनेमावर बोलणारे

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "तुम्ही दिवसभर अलिबागच्या पतसंस्थेत कर्जाच्या फायली बघता, मग सिनेमावर बोलायचा अधिकार कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर इतिहासातून देतो.

सत्यजित राय १९४३ पासून कलकत्त्याला डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत नोकरीला होते. १९४७ साली मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली आणि १९४८ मध्ये 'स्टेट्समन'मध्ये आपल्या सिनेमाचं काय चुकतंय यावर लेख लिहिला. तोवर त्यांच्या नावावर एकही चित्रपट नव्हता! पुढे 'पथेर पांचाली' सुरू केला, तोही नोकरी न सोडता, सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्याची चूक दाखवणं आणि रविवारी माणसं जमवून एक शॉट मिळवणं, यात किती अंतर असतं ते त्यांना तिथे कळलं असणार.

सतीश बहादूर यांचं उदाहरण मला जास्त जवळचं. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात फिल्म सोसायटी चालवायचे. १९६३ मध्ये ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाचे प्राध्यापक झाले. तिथल्या उन्हाळी रसास्वाद वर्गाला पुढे कितीतरी नोकरदार महिन्याभराची रजा टाकून जात राहिले.

मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. आमच्या किनाऱ्यावरून मुंबईचे दिवे दिसतात, पण रात्रीचा खेळ संपल्यावर मांडव्याला यायला लाँच नसते, आणि पावसाळ्यात तर ती बंदच. मग पेण-वडखळची एसटी. (रो-रो आली ती २०२० मध्ये.)

मराठीत आजचं नाव घ्यायचं तर गणेश मतकरी, पेशाने आर्किटेक्ट. वडील रत्नाकर मतकरींनी वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी करत नाटकं लिहिली. गणेश यांचं लेखन वाचताना जाणवतं, की हा माणूस आधी सिनेमाची बांधणी बघतो, मग मत देतो. इमारत उभी करताना किती जणांचे हात लागतात हे ठाऊक असलेला माणूस सहसा एका वाक्यात ती पाडत नाही.

आमच्याकडे कर्ज नाकारलं तर फायलीवर कारण लिहावं लागतं. 'पटलं नाही' हा शेरा साहेब परत पाठवतात. समोरच्याने सहा महिने कागद गोळा केलेले असतात हो! सिनेमाबद्दल बोलतानाही मी तेवढंच पाळतो. आवडला नाही तर कोणत्या प्रसंगात बिनसलं ते सांगतो, आणि जे काम मला येत नाही, म्हणजे ध्वनी, संकलन, त्यावर जपून बोलतो.

पुढचा भाग एप्रिलमध्ये. मार्चअखेर आहे, वसुली बाकी आहे.