दंडाचे स्नायू काम कसे करतात? वजन उचलताना 'कट्' आवाज आला तर अंगावर काढू नका

पोतं उचलणं असो की हातपंप हापसणं, रोजच्या कष्टाच्या कामात दंडावर मोठा ताण येतो. खांद्यापासून कोपरापर्यंतचा भाग म्हणजे दंड. यात एकच हाड असतं. हाडाच्या पुढे तीन स्नायू आणि मागे एक मोठा स्नायू असतो.

पुढचे स्नायू

हात कोपरात वाकवला की जी बेटकुळी फुगते, तो बायसेप्स. याची वरची दोन टोकं खांद्याच्या पात्याला जोडलेली असतात. खालचं टोक कोपराच्या पुढे, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला घट्ट बसतं. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. कोपर वाकवणं आणि तळहात वरच्या बाजूला फिरवणं ही बायसेप्सची दोन कामं. उजव्या हाताने स्क्रू आवळताना याचाच जोर लागतो.

बायसेप्सच्या खाली ब्रेकियालिस असतो. कोपर वाकवण्याचं मुख्य काम खरं तर हाच करतो. तिसरा, लहान कोराकोब्रेकियालिस दंड अंगाजवळ आणायला मदत करतो.

मागचा स्नायू

मागे तीन टोकांचा ट्रायसेप्स असतो. तो कोपर सरळ करतो. जोर मारताना किंवा चिखलात रुतलेली गाडी ढकलताना हाच कामाला येतो.

कंडरा तुटली तर

जड वजन उचलताना अचानक झटका बसला, तर बायसेप्सची खालची कंडरा तुटू शकते. चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना धोका अधिक.

लक्षणं अशी:
- कोपराजवळ 'कट्' आवाज आणि जोराची कळ
- कोपराच्या पुढे सूज, काळंनिळं पडणं
- बेटकुळी वर सरकलेली दिसणं
- तळहात फिरवताना ताकद न लागणं

ब्रेकियालिस शाबूत असल्याने कोपर तरीही वाकतं. म्हणून 'लचक भरली असेल' असं समजून लोक मालिश करत बसतात. इथेच वेळ जातो. ऑपरेशन लागणार असेल, तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेलं बरं. नंतर कंडरा आखडते आणि ऑपरेशन अवघड होतं.

वरची कंडरा तुटली तर बेटकुळी कोपराकडे घसरते. वयस्कर माणसांत हे बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय निभावतं, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

लगेच काय करावं?

काम थांबवा. हात झोळीत घ्या. कापडात गुंडाळून बर्फ लावा. चोळू नका, ओढू नका. एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.