'ओपन द लाइट' का चुकतं? चिनी विद्यार्थी आणि इंग्रजीतलं 'ओपन'

'प्लीज ओपन द लाइट.' इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांच्या तोंडी हे वाक्य बरेचदा येतं. त्यांना म्हणायचं असतं, दिवा लावा. मग गडबड कुठे होते?

एक 'खाय', कामं अनेक

मँडरिन चिनीत 'उघडणे' म्हणजे 'खाय'. त्याच्या पारंपरिक चिन्हात चक्क दाराची आकृती आहे. दार उघडणे 'खाय मन'. पण दिवा लावणे 'खाय तंग', गाडी चालवणे 'खाय छ', बैठक घेणे 'खाय ह्वे' आणि फूल उमलणे 'खाय ह्वा'. उकळलेलं पाणीसुद्धा 'खाय श्वेइ'! त्यामुळे 'खाय' दिसलं की विद्यार्थी 'ओपन' लावून मोकळा होतो.

'ओपन' कुठे चालतं?

बंद असलेली गोष्ट उघडताना: दार, खिडकी, डबा, पुस्तक, डोळे. तसंच फाइल, अ‍ॅप, बँक खातं आणि दुकान.

कुठे चालत नाही?

- दिवा, पंखा, टीव्ही: 'टर्न ऑन' किंवा 'स्विच ऑन'. बंद करतानाही 'क्लोज' नाही, 'टर्न ऑफ'.
- गाडी: 'ड्राइव्ह'. 'आय कॅन ओपन अ कार' म्हटलं, तर हा गाडीचं दार उघडू शकतो, एवढंच समोरच्याला कळेल. ड्रायव्हरच्या नोकरीच्या मुलाखतीत हे महागात पडेल.
- बैठक: 'हॅव' किंवा 'होल्ड'. 'ओपन अ मीटिंग' चूक नाही, पण त्याचा अर्थ बैठकीला रीतसर सुरुवात करणे.
- पाणी: 'बॉइल'.

आणखी एक खाचखळगा

दुकान बंद असेल तर 'द शॉप इज क्लोज्ड'. म्हणून उघडं असेल तर 'ओपन्ड' म्हणावंसं वाटतं. पण बरोबर वाक्य आहे 'द शॉप इज ओपन'. इथे 'ओपन' क्रियापद नाही, विशेषण आहे. चिनीत क्रियापदांची रूपं बदलत नाहीत, त्यामुळे हा फरक लक्षात ठेवणं आणखी अवघड जातं.

हसण्याआधी आपलं 'लावणे' बघा

आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुलूप लावतो. दिवा लावला की तो सुरू होतो, दार लावलं की ते बंद होतं! म्हणूनच आपल्याकडेही 'पुट द फॅन' ऐकू येतं. कारण तेच: मनात मातृभाषा, तोंडात इंग्रजी.

उपाय सोपा आहे. क्रियापद एकटं पाठ करू नका, नामासोबत जोडीनं शिका: 'ओपन द डोअर', 'टर्न ऑन द लाइट', 'ड्राइव्ह द कार'.