कार्तिकांतील काशी

काशीस जावयाचें तर कार्तिकांत जावें. पूर ओसरून गंगेनें गिळलेल्या पायऱ्या एकेक करून उघड्या होत असतात. पहांटेचें धुकें विरळ झालें कीं नावेंतून घाटांची दगडी रांग दिसूं लागते. ती पाहून आपण सहज म्हणतों, हें सारें पुराणकालीन! नगरी प्राचीन खरी, पण हे दगडी घाट बहुतांशीं अठराव्या शतकांतले व त्यानंतरचे आहेत, आणि त्यांत मराठी द्रव्य पुष्कळ आहे. नवल हें कीं, काशी हातीं यावी ही पेशव्यांची खटपट शेवटपर्यंत सिद्धीस गेली नाहीं. १७७५ सालीं ती कंपनी सरकारकडे गेली. अहिल्याबाई होळकरांनीं विश्वनाथाचें देऊळ बांधविलें तें त्यानंतर, १७८० मध्यें, परक्यांच्या अमलांत.

नागपूरकर भोसल्यांचा घाट अजून भक्कम आहे. बायजाबाई शिंद्यांनीं १८३० च्या सुमारास बांधविलेला घाट मात्र आपल्याच भारानें खचला. त्याच्या पायथ्याशीं रत्नेश्वराचें देऊळ पाण्याकडे कललेलें दिसतें. पुराच्या दिवसांत त्याचा गाभारा गंगेंत बुडालेला असतो. पाणी उतरलें कीं पुजारी आधीं आंतला गाळ उपसतात आणि मग दिवा लावतात.