न ओळखलेला सिड

पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' लावला की मला लंडनचा अ‍ॅबे रोड स्टुडिओ दिसतो. जून १९७५. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चं काम चाललेलं, दोन तुकडे मिळून जवळजवळ २६ मिनिटांचं गाणं. ते सिड बॅरेटवर! बँडचा सुरुवातीचा गायक-गीतकार, मन ढासळल्यावर १९६८ मध्ये बाहेर पडलेला (खरं तर काढलेलाच). तेवढ्यात एक लठ्ठ, डोक्यासकट भुवयाही भादरलेला माणूस आत येतो. बराच वेळ कुणी ओळखतच नाही. तो सिडच. वॉटर्सला रडू कोसळलं म्हणे.

लोक याला विलक्षण योगायोग म्हणतात. मला वाटतं, त्यांना आठवण येत होती ती जुन्या सिडची. समोर उभा राहिलेल्याचं काय करायचं, ते कुणालाच सुचलं नाही. सप्टेंबरात अल्बम आला. सिड २००६ मध्ये केंब्रिजला वारला.

असो. एका जुन्या मित्राचे तीन मिस्ड कॉल पडलेत माझ्या फोनवर.